तळ्यावरून

“खोटं लिहिलंय तुम्ही,” ती म्हणाली आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली. “खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. सही करणाऱ्यालाही ठाऊक असणार. तो कोण, एवढंच कुणाला ठाऊक नाही, कारण सहीखाली नावाच्या जागी ‘करिता’ लिहिलंय. कुणाकरिता? पुढे या म्हणावं की जरा.”

टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक मुख्यालयातून आलेल्या बाई. त्यांनी पर्स मांडीवरच धरून ठेवली होती, आत्ता उठायचंच आहे अशी. दुसरे या कार्यालयाचे प्रमुख, आजोबा. त्यांना नातवंडं नव्हती. तिशीतच मिशा पांढऱ्या झाल्या म्हणून प्रशिक्षण केंद्रातल्या कुठल्याशा तुकडीने हे नाव ठेवलं होतं, आणि निवृत्ती तोंडावर आली तरी ते त्यांना चिकटून होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे ‘सर’च म्हणायचे. विमानं एकमेकांपासून लांब कशी ठेवायची हे तिला आणि तिच्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे नवरा-बायकोला एकमेकांपासून लांब ठेवायचं काम खात्याने स्वतःकडे घेतलं, असं ती म्हणायची.

“हा आजचा विषय नाही, मॅडम,” बाई म्हणाल्या. “आज तक्रारीची सुनावणी आहे. बदलीचा अर्ज वेगळा.”

“वेगळा कसा? एकाच पोराचे दोन पाय आहेत ते.”

बाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे. त्याचा तांबडा दिवा लागलेला होता. या खात्यात बोललेला शब्द साठवून ठेवायची जुनी खोड होती.

बाटलीखालच्या कागदावर एकच वाक्य होतं. पती-पत्नींना एका ठिकाणी नेमण्याची तरतूद असली, तरी दोन्ही विमानतळांमधला विमानप्रवास एक तास पाच मिनिटांचाच असल्याने अर्जदार विभक्त राहतात असे मानता येत नाही. तिला ते पाठ झालं होतं. भांडी घासताना ती ते मोठ्याने म्हणायची. एकदा तर लेकीने शाळेतली कविता समजून पुढची ओळ विचारली होती.

“एक तास पाच मिनिटं,” ती म्हणाली. “चाकं जमिनीवरून सुटल्यापासून चाकं जमिनीला लागेपर्यंत. म्हणजे तुमच्या मते विमान माझ्या स्वयंपाकघरातून उडतं आणि त्याच्या न्हाणीघरात उतरतं. मधली रिक्षा, रांग, तपासणी, ते बूट काढा, पट्टा काढा, मग बसा तोंडं बघत, मग उशीर झाल्याची घोषणा, मग पलीकडे उतरल्यावर शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जा, हे सगळं कोण करतं? तुमचा ‘करिता’ करतो?”

“मॅडम, आवाज.”

“माझा आवाज असाच आहे. म्हणून तर मला रडारवर बसवलंय.”

हे खरं होतं. तिच्या आवाजाला धार होती. वादळात सापडलेल्या वैमानिकाला तो आवाज ऐकू आला की पाठीवर थाप पडल्यासारखं वाटतं, असं एका वैमानिकाने खात्याला लिहून कळवलं होतं. घरी तोच आवाज लागला की लेक गपचूप दूध संपवायची.

दोन शहरांमधलं आकाश मधोमध वाटलेलं होतं. अलीकडचं अर्धं तिच्या पडद्यावर, पलीकडचं नवऱ्याच्या. मधल्या रेषेपाशी विमान आलं की तिने थेट लाइनवर त्याला सांगायचं, त्याने घ्यायचं. तिकडून आलं की उलट. विमानाचं नाव, उंची, वेळ, ‘घेतलं’, संपलं. हे जोडपं दिवसातून किती वेळा एकमेकांशी बोलतं हे कळलं असतं तर शेजारणीला हेवा वाटला असता. काय बोलतं हे कळलं असतं तर तिनेच कीव येऊन डबा आणून दिला असता.

लेकीला घरात गोटी म्हणत. शाळा आईकडे, आणि एका आड एका शुक्रवारी बाबाकडे. गळ्यात प्लास्टिकचं पाकीट, त्यात नाव आणि आईबापांचे फोन. दारापाशी हवाई सुंदरी हात धरायची. हात दुसऱ्याच्या हातात गेला की आई मागे वळायची, कर्मचाऱ्यांच्या जिन्याने धावत वर यायची, हेडफोन चढवायची, आणि आत्ता जिच्या नाकाला रुमाल लावला ती पोरगी पडद्यावरचा एक हिरवा ठिपका होऊन समोर सरकू लागायची. रविवारी हेच पलीकडे व्हायचं. बाप सोडायचा, बाप वर जायचा, आणि मधल्या रेषेवर आई ठिपका ताब्यात घ्यायची.

तक्रारीत दोन कलमं होती. पहिलं, पाल्य आत असलेल्या विमानाला जवळचा मार्ग दिला.

नकाशावर पट्टी ठेवली तर ही दोन शहरं सरळ रेषेत येतात, पण विमानांचा छापील रस्ता वाकडा आहे. नवऱ्याच्या हद्दीत एक मोठं तळं आहे, काठावर जुना दिशादर्शक मनोरा आहे, रस्ता तिथवर जाऊन वळतो. आकाश मोकळं असलं की सगळेच नियंत्रक ते वळण कापतात. ‘सरळ जा’ म्हणतात. वैमानिक त्याची वाटच बघत असतो. इंधन वाचतं, वेळ वाचतो, कुणाचं काही जात नाही. तिच्या नवऱ्याचं तर प्रशिक्षणातलं नावच ‘शॉर्टकट’ होतं. वाकडी रेघ दिसली की त्याला खाज सुटायची. तिला लग्नाची मागणीही त्याने उपाहारगृहाच्या रांगेत, ताट हातात घेऊन, एका वाक्यात घातली होती.

“आकाश मोकळं असलं की मी सगळ्यांना सरळ पाठवते,” ती म्हणाली. “बड्या लोकांना पाठवते, टपालाच्या पोत्यांना पाठवते. पोरगी आत बसलीय म्हणून तिला काय वळसा घालायला लावू?”

“तो मुद्दा सोडून देऊ,” आजोबा पहिल्यांदाच बोलले. “त्यात काही नाही.”

बाईंनी पहिल्या कलमावर काट मारली. काट मारताना त्या जरा नाराज दिसल्या.

“मग दुसरं. थेट लाइनवर अनधिकृत संभाषण.”

त्यांनी लॅपटॉपची कळ दाबली. आधी खरखर, मग तिचाच आवाज. विमानाचं नाव, उंची, वेळ. मग तोच धारदार आवाज, पण म्यानात घातलेला: “पोरगी आहे आत. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या. उतरल्यावर आधी खायला घाल, मग विचार काय झालंय ते. मला सांगत नाहीये.”

मग त्याचा आवाज: “घेतलं.”

एवढंच. विमान घेतलं, पोरगी घेतली की निरोप घेतला, काही कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशीही तिने हेडफोनमध्ये हाच शब्द ऐकला होता आणि पुढचं विमान हाताळताना दात आवळले होते.

“हे तुम्हीच?”

“मीच. त्याला तेव्हा फोन लागणार नव्हता, त्याचा फोन बाहेरच्या कपाटात. माझाही. मध्ये फक्त ही लाइन. आता मला सांगा, तुमच्याच कागदाप्रमाणे आम्ही एका घरात राहतो ना? विभक्त नाही ना? मग घरात नवऱ्याशी बोलायला कुणाची परवानगी लागते?”

आजोबांच्या मिशा हलल्या. खोकला होता की आणखी काही, ते त्यांनी रुमालाआड ठेवलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, वर पेन आडवं ठेवलं.

“हे बघा, मॅडम, मी स्पष्टच बोलते. एक ओळ लिहा. चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय इथेच संपेल आणि तुमच्या बदलीच्या अर्जाचा आम्ही सहानुभूतीने विचार करू. लिहिलं नाहीत तर ठपका बसेल. ठपका असलेल्यांचे अर्ज विचारात घेतले जात नाहीत. निर्णय तुमचा.”

तर असं होतं. बदली हवी तर मान खाली घाला, आणि घातली नाहीत तर गोटी मोठी होईपर्यंत गळ्यात पाकीट अडकवून ये-जा करेल. अशा वेळी किती गोड बोलतात ही माणसं. सहानुभूतीचा डबा उघडून दाखवायचा आणि झाकण हातात ठेवायचं.

आदल्या दिवशी नवऱ्याने फोनवर हेच सांगितलं होतं.

“लिहून दे गं. एका ओळीने काय झिजणार आहेस?”

“मी चूक केलीय?”

“चूक-बरोबर कोण म्हणतंय? कशाला ताणतेस? तासाभराचा तर प्रश्न आहे.”

तासाभराचा. तिने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं होतं, जणू तो फोनच बोलला. अर्जसुद्धा तिनेच लिहिला होता, तिनेच पाठवला होता. ‘तुझी तू कर गं सही, पुरेल,’ असं तो म्हणाला होता. तिकडे एकटा राहतो, स्वतःचं स्वतः करतो, कधी कुरकुर नाही, कधी ‘ये’ नाही. ती म्हणाली होती, “तूही त्यांच्यातलाच आहेस. तुझ्याही सहीखाली ‘करिता’ लिहीत जा.” आणि फोन ठेवला होता.

तिने पेन उचललं. कागदाकडे पाहिलं. बाईंना वाटलं, वळली.

“तुमच्या यजमानांकडून शिका ना जरा,” बाई मोकळेपणाने म्हणाल्या. काम होत आलं की माणसाला उपदेश सुचतो. “आम्ही त्या टोकाचंही रेकॉर्डिंग मागवलं होतं, दोन्ही बाजू बघायला हव्यात म्हणून. नियमाचा माणूस आहे हो अगदी. ऐका. हे रविवारचं आहे, तुमची मुलगी परत येत होती तेव्हाचं.”

कळ दाबली. खरखर. मग नवऱ्याचा आवाज, रेडिओवरचा, सावकाश. त्याचा हा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लाइनवर तो तिच्याशी बोलायचा, विमानांशी काय बोलतो ते तिच्यापर्यंत पोचायचं नाही.

आधी एक मालवाहू विमान होतं. वैमानिकाने काही विचारायच्या आतच नवरा म्हणाला, “मोकळं आहे. सरळ जा.”

“वा, आभारी आहे,” वैमानिक म्हणाला.

ती मनात म्हणाली, शॉर्टकट.

मग थोड्या वेळाने दुसरं विमान. त्याचं नाव ऐकताच तिचं पेन कागदाला टेकायच्या आत थांबलं. रविवारचं गोटीचं विमान.

“सरळ मिळेल का?” वैमानिकाने विचारलं. विचारण्यापुरतं विचारलेलं. उत्तर ठरलेलंच असतं.

“नाही. पूर्ण मार्गाने या.”

वैमानिक, जरा आश्चर्याने: “पुढे रहदारी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“तळ्यावरून या,” नवरा म्हणाला.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “पोटची पोर आत आहे. वैमानिक स्वतःहून मागतोय. तरी एका अक्षराची सवलत नाही. नियम म्हणजे नियम. आणि हे एकाच रविवारचं नाही बरं का, आम्ही पुढचे-मागचे सगळे ऐकले. दर वेळी पूर्ण मार्ग! याला म्हणतात शिस्त.”

तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा पंख्याकडे बघत होते. पंख्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

गोटी म्हणायची, आई, मला तळं दिसलं. निळं नाही गं, चॉकलेटी. मध्ये एक बेट आहे आणि बेटावर काहीच नाही. दर रविवारी दाराशी बूट काढता काढता तळं. शुक्रवारी जाताना का नाही दिसत, असंही तिने एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, तू जाताना झोपतेस. गोटी म्हणाली होती, मी नाही झोपत. आणि आई म्हणाली होती, बरं, चल, हातपाय धू.

लॅपटॉपमध्ये खरखर चालूच होती. त्याच्या आकाशात तेव्हा दुसरं काही नसणार. काहीही नाही. पडद्यावर फक्त एक ठिपका, आणि तो तळ्याच्या दिशेने निघालेला. वाकडी रेघ बघून ज्याला खाज सुटायची तो माणूस हात न हलवता बसून ती वाकडी रेघ पूर्ण होऊ देत होता. तेवढा वेळ जास्त ठिपका त्याच्याच पडद्यावर राहत होता.

मग थेट लाइन. त्याने विमानाचं नाव सांगितलं, उंची, वेळ.

तिचा स्वतःचा आवाज, घाईचा: “घेतलं. उशीर का?”

“वारा,” नवरा म्हणाला.

रेकॉर्डिंग संपलं.

“एका शब्दात उत्तर,” बाई म्हणाल्या. “फापटपसारा नाही.”

दर रविवारी तिने विचारलं होतं, आणि दर रविवारी तो तेच म्हणाला होता. आणि तिने, जिच्यासमोर वाऱ्याचा वेग आणि दिशा चोवीस तास लिहून येते, जिने एकदा खाली बघितलं असतं तरी पुरे होतं, तिने कधी बघितलं नव्हतं. कुठे बघणार? नवऱ्याचा राग करण्यात वेळ जात होता.

तिने हात लांब करून पाण्याची बाटली उचलली. झाकण काढलं आणि पाणी प्यायली, घटाघट, संपेपर्यंत. बाटलीखालचा कागद मोकळा झाला, पंख्याच्या वाऱ्याने टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. बाई वाकणार होत्या, पण मांडीवर पर्स होती.

“मग लिहिताय ना?” त्यांनी विचारलं.

तिने पेनाला टोपण लावलं.

“नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे लिहीत नाही. चूक झालेली नाही. पोर उपाशी आहे हे बापाला सांगणं ही चूक असेल, तर ती मी परवाच्या शुक्रवारी पुन्हा करणार. मोठ्याने करणार, म्हणजे तुम्हाला रेकॉर्डिंग ऐकताना कान द्यायला नकोत.”

“मॅडम, तुमच्या लक्षात येतंय का? ठपका बसेल. अर्ज कायमचा बंद होईल.”

“माझा होईल. ठपका माझ्यावर आहे.” ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकताना करकरली. “त्याच्यावर कुठे आहे? तो तर शिस्तीचा माणूस. तुम्हीच आत्ता म्हणालात, त्या रेकॉर्डरसमोर. या वेळी अर्ज त्याचा येईल.”

“तुमच्या यजमानांनी आजपर्यंत कधी अर्ज केलेला नाही,” बाई म्हणाल्या. “मी फाइल बघितलीय. त्यांना काही अडचण असेल असं वाटत नाही.”

“हो,” ती म्हणाली. “मलाही वाटत नव्हतं.”

हे म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला, आणि आजोबांनी पंख्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यभर ठिपके वाचले होते. कोण सरळ जातंय, कोण वळतंय, कोण उगाच रेंगाळतंय, हे त्यांना आवाजावरूनही कळायचं. त्यांनी रेकॉर्डिंग कदाचित आधीच ऐकलं असेल. कदाचित म्हणूनच पहिलं कलम घाईने पुसलं असेल. आणि तरीही त्या खोटारड्या कागदावर या कार्यालयाचा शिक्का होता, आणि तो शिक्का ज्या कपाटात असतो त्याची किल्ली आजोबांच्या खिशात.

तिच्या डोक्यात हे एकदमच आलं आणि तिच्या आवाजाला पुन्हा धार आली.

“जाते मी. जायच्या आधी एकच विचारायचंय. तुमचा आकडा. एक तास पाच मिनिटं. हा जातानाचा की येतानाचा?”

“काय प्रश्न आहे हा?” बाई म्हणाल्या. “दोन्ही सारखंच. जाण्या-येण्याने अंतर बदलतं का कुठे?”

“तुम्हाला नाही विचारलं, बाई. तुम्ही पट्टी ठेवून मोजता, तुमचा दोष नाही.” तिने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि आजवर कधी कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं ते म्हटलं. “आजोबा, तुम्हाला विचारतेय.”

आजोबांचा हात रेकॉर्डरकडे गेला. बोट बंद करायच्या कळीवर टेकलं.

“राहू दे तो चालू,” ती म्हणाली. “नियम कुणीच मोडलेला नाही. घाबरायचं काय त्यात?”

बोट कळीवरच राहिलं. तांबडा दिवा तसाच.

“पोरी,” आजोबा हळूच म्हणाले, “झालं आता. बस.”

“नाही झालं. आम्हाला दोघांना तुम्हीच शिकवलंत, नकाशावर काय आहे ते नका सांगू, पडद्यावर काय दिसतंय ते सांगा. मग सांगा. त्याच्या बाजूने, रविवारी, आकाशात दुसरं एकही विमान नसताना, या दोन विमानतळांमधलं अंतर किती असतं?”

बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. पंखा फिरत होता. खाली पडलेला कागद खुर्चीच्या पायाला अडकून फडफडत होता.

“बोला, आजोबा. रेकॉर्ड होतंय. किती?”